साडेदहा व्होल्ट

नोखदा उबैद म्हणतो, मेली.
चपलेच्या टोकाने दाखवतो कुठली ती:
उजवीकडची, दोनशे अँपिअरची,
गेल्या रमजानात मीच बसवलेली.
पावती त्याच्या हातात नाही,
नजरेत आहे.

उम्म अल क्वैनची खाडी, ऑगस्ट, सकाळचे सहा.
ओहोटीने कांदळाची मुळं उघडी पाडलीयत
आणि हवा अशी, की ओल्या फडक्यातून श्वास घ्यावा.
आमच्या जयगडात याला नाखवा म्हटलं असतं.
इथून तिथे जाताना शब्द झिजला
की तिथून इथे येताना, कोण जाणे.
ओरडायची पद्धत तीच.

मी बोलत नाही. झाकण काढतो.
गरम पाण्यात खायचा सोडा, टर्मिनलवर ओततो.
हिरवट बुरा फसफसतो.
मोतालेब दर वेळी हसतो याला,
नोआखालीचं पोर, त्याला तो आवाज आवडतो.

मीटर लावतो.
साडेबाराच्या वर म्हणजे पोट भरलेलं,
बारा म्हणजे उपासाचा तिसरा प्रहर,
साडेदहा म्हणजे
आता हिच्याकडे काही मागू नका.

डावीकडची बघतो. बारा पॉइंट सहा.
ती इंजिनाची. तिच्यावर दिवा नाही, पंखा नाही,
रेडिओ नाही, मोबाइलचा चार्जर नाही.
बसवताना तीनदा बजावलं होतं,
हिला हात लावायचा नाही, ही फक्त परत येण्यापुरती.
घरखर्चाला दुसरी.
उबैदने ऐकलंय. खोटं कशाला बोलू.

मग घरखर्चाची कुणी उडवली?
तीन दिवस लाँच बांधून आहे. दिवे बंद. मेन स्विच बंद.
मी वायर हातात धरून मागे मागे सरकतो:
तांबडी, कथील चढवलेली,
बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज,
मग स्विचला वळसा घालून थेट तळाच्या पंपाकडे.
ही एकच वायर मी स्विचच्या अलीकडून घेतो.
माणसं घरी गेली तरी
बोटीत काहीतरी जागं असावं लागतं.

फळी उचलली आणि मोतालेबचं हसू गेलं.
पाणी.
माझ्या नडगीपर्यंत, वर डिझेलचा तवंग
आणि कुणाचीतरी तरंगणारी बशी.
शाफ्टभोवतीची दोरी कुजलेली.
थेंब नव्हे, धार.

हिशेब मी तिथेच उभा राहून केला, मोठ्याने,
मोडक्या अरबीत:
पंप तासाला पाच अँपिअर खातो.
दोनशेला पाचने भाग.
परवा सकाळपासून काल मध्यरात्रीपर्यंत
ही उपसत होती, उबैद.
तू इथे दोन गल्ल्यांवर निजलेला,
मी शारजात, चौघांच्या खोलीत, एका एसीखाली.
मरताना कुणाला हाकही मारता येत नाही हिला.
अलार्म लावू म्हटलं होतं मी.
शंभर दिरहॅम जास्त, म्हणालास.

त्याने काही उत्तर दिलं नाही.
कंदुरा गुडघ्यावर खोचला, बादली घेतली.
तिघं उपसत राहिलो. ऊन वर आलं.
मग ग्लँडचे नट आवळले, धारेचा थेंब झाला,
डावीकडचीवर इंजिन लावलं
आणि ते एका हाकेत उठलं.

आता इतकी खोल उतरलेली बॅटरी
पुन्हा पूर्वीइतकी भरत नाही. पत्र्यांवर पांढरं धरतं.
या उन्हात त्या तशाही लवकर म्हाताऱ्या होतात.
सहाही खणांत डिस्टिल्ड पाणी घातलं,
पत्रे बुडतील एवढंच. काठोकाठ नाही,
चार्ज होताना ते आपसूक वर येतं.
टर्मिनलवर व्हॅसलीन. झाकणावर मार्करने तारीख.

बदलायची का? उबैदने विचारलं,
आणि तिच्याकडे दाखवलं,
या वेळी चपलेने नाही, बोटाने.

राहू दे, म्हटलं.
आधी दोरी बदल.